जावयाच्या पाठीवरचं पोतं

एकवीस एप्रिल दोन हजार पंचवीस, सोमवार. सकाळी साडेनऊला अण्णाजी माझ्या ओसरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्या भाडेकरणीनं गावाचं नाक कापलं."

भाडेकरणीने केलं काय होतं? एक माणूस पगारावर कामाला ठेवला होता. एवढंच. या गोष्टीला वर्ष होत आलं, पण माझा संताप उतरलेला नाही. या वयात तो पोटात ठेवणं बरं नव्हे, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

ही भाडेकरीण म्हणजे गोपिका. आमच्या गावची सून. गाव आर्वीपासून बसने वीस मिनिटांवर. तिचं माहेर सेलूकडचं, वांगी-मिरची पिकवणारं. नवरा नीरज ट्रक चालवतो, आठवड्यातून एखादा दिवस घरी असतो. माझे यजमान इथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते, म्हणून गावासाठी मी डॉक्टरीणबाई. ते गेल्यावर रस्त्याकडची खोली आणि ओसरी रिकामी पडली होती. २०२२च्या फेब्रुवारीत गोपिका आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "काकू, मले इथं मिरची कांडपाची मशीन टाकायची हाय. ठणठण आवाज होईल बरं, आदीच सांगून ठेवते. मंग म्हनसान सांगितलं नाई."

आधी वाईट ते सांगणारी माणसं मला आवडतात. खोली दिली.

कांडप ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनमध्ये लोखंडी मुसळं वरखाली होतात, खाली मिरची कुटली जाते, मग ती चाळायची, उरलेली पुन्हा टाकायची. मार्च ते मे उन्हाचा आणि मिरचीचा एकच हंगाम. हवेत तिखट असं भरतं की मी मागच्या खोलीत बसून शिंकते. आणि त्या खोलीत ही मुलगी ओली ओढणी तोंडाला बांधून सकाळी सातपासून उभी. ओसरीवरून पोतं उचलून आत न्यायचं, ओतायचं, चाळायचं, भरायचं, पुन्हा बाहेर आणायचं. तीन हंगाम तिने हे एकटीने केलं. दुसऱ्या हंगामात तिला सातवा महिना होता.

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी तिचा उजवा खांदा गेला. आर्वीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की वजन उचलायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. त्याच दिवाळीत आर्वीच्या एका मसालेवाल्या बाईंनी तिला दर आठवड्याचं पक्कं काम देऊ केलं होतं. अट एकच, माल शनिवारच्या दुपारच्या बसने पोचला पाहिजे. दोनदा चुकला की काम दुसरीकडे.

म्हणजे माणूस मिळाला तर मशीन चालणार, नाही मिळाला तर मशीन विकायची. घेणारा एकजण कारंज्याहून पाहूनही गेला होता.

माणसं आली. बंडूजी आले. चांगले दणकट, वय पंचेचाळीस. ओसरीवर बसून त्यांनी पाणी प्यायलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "मालक कुठी हायत?"

"मीच," गोपिका म्हणाली.

"नाई, मालक म्हन्तो मी. नीरजभाऊ."

"ते गाडीवर गेले. मशीन माही हाय."

बंडूजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी वेगळं सांगेन. मग म्हणाले, "बरं, उद्या येतो." तो उद्या अजून उगवायचा आहे. आणखी दोघांचंही असंच झालं. एकाने तर सरळ सांगितलं, "तिखट सहन होईल बाई, पन लोकं काय म्हन्तील?"

मग प्रेमदास आले. पाठवलं कोणी नव्हतं, स्वतःहून आले.

प्रेमदास अण्णाजींचे जावई, प्रेरणाचा नवरा. वय चाळीसच्या आत. कारंजा घाडगेला हायवेच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं टपरीवजा दुकान होतं. रस्ता रुंद झाला, दुकान गेलं. तेवढ्यात इकडे प्रेरणाच्या आईला अर्धांगवायू झाला, म्हणून दोघं दोन महिन्यांसाठी आले. त्या दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. प्रेरणा आईचं सगळं करते. आणि प्रेमदास?

इथे आमच्या गावाची रीत सांगणं भाग आहे. एका घरचा जावई हा साऱ्या गावाचा जावई. तो येताना दिसला की लोक खाटेवरून उठतात. सासू-सासरेसुद्धा त्याच्या पाया पडतात. त्याला काम सांगायचं नाही, त्याच्या हातात ओझं राहू द्यायचं नाही. दोन दिवसांच्या पाहुण्याला हे शोभतं. पण दीड वर्ष? दीड वर्ष त्या माणसाला खाटेवर बसवून चहा पाजला. शेतावर गेला तर सालदाराने हातातलं फावडं काढून घेतलं. आणि पाठ वळली की हेच लोक म्हणत, "घरजवाई हाय, फुकटचं खाऊन राह्यला." 'बसा बापू' आणि हे, दोन्ही वाक्यं मी एकाच तोंडून, एकाच दुपारी ऐकली आहेत. तोंड अण्णाजींच्या मोठ्या वहिनीचं, रुख्माबाईंचं.

प्रेमदास आले तेव्हा गोपिकेने पदर डोक्यावर घेतला आणि अर्धी वळून उभी राहिली. गावची सून आणि गावचा जावई, दुसरं काय करणार.

"मले कामाले ठेवता का?" त्यांनी विचारलं.

"अगं माय!" गोपिका म्हणाली. "बापू, तुमाले काम कसं सांगू मी?"

"मशीनले कसं सांगता?"

"तिचं बटन दाबते."

"मंग माह्यंही दाबा. मशीनपेक्षा आवाज कमी करीन."

ती पदराआड हसली. मग हसणं थांबलं. "गाव मले जित्तं ठेवनार नाई, बापू."

"आन् मले?" ते म्हणाले. "मी तं दीड वर्षापासून मेलोच हाय. खाटेवर बसून बसून पाठीले सुंब लागलं."

मी मध्ये पडले. म्हटलं, काम द्यायचं-घ्यायचं तर कागदावर घ्या. आम्हाला मिशनच्या शाळेत सिस्टरांनी दोन सवयी लावल्या. रोज तारीख घालून लिहायचं, आणि पाहिलेलं व ऐकलेलं वेगवेगळं लिहायचं. तोंडी ठरलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी नेमणुकीचं पत्र लिहिलं. वेळ सात ते तीन, बाजाराच्या दिवशी सुट्टी, पगार महिन्याच्या महिन्याला. खाली गोपिकेने सही केली, 'मालक' या शब्दाच्या वर. पेन उचलल्यावर ती तो शब्द थोडा वेळ पाहत राहिली. प्रेमदासांनी पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. सतरा मार्च, सोमवार.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओसरीपासून मशीनपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा एक उतार जोडला आणि त्यावर चाकांचा गाडा बसवला. पोतं एकदा गाड्यावर ठेवलं की बोटाने ढकलावं. गोपिकेने डाव्या हाताने ढकलून पाहिलं. मग परत आणलं आणि पुन्हा ढकललं. तीन वेळा. "काकू," ती म्हणाली, "हे तीन साल पयले असतं तं!"

शनिवारचा माल शनिवारी गेला. सलग दोन शनिवार.

तीन एप्रिल, गुरुवार. रुख्माबाई मिरची घेऊन आल्या. ओसरीवर सात-आठ बायका रांगेत होत्या. त्याच वेळी प्रेमदास रस्त्यावरच्या रिक्षातून पोतं पाठीवर घेऊन येत होते. डोक्यापासून पायापर्यंत लाल. भुवया लाल, पापण्या लाल, तोंडाला फडकं.

रुख्माबाईंनी हातातली पिशवी सोडली. "इठ्ठला! आमचे जवाईबापू!" आणि ती सत्तर वर्षांची बाई वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलं बापू, गावाचं चुकलं! माफी द्या!"

पाठीवर पोतं असलेल्या माणसाला मागे सरकता येत नाही, वाकता येत नाही, समोरच्याला उठवता येत नाही. ते तसेच उभे राहिले. रुख्माबाई उठल्या तशी मागची बाई वाकली. मग तिच्या मागची. एकीने केलं आणि आपण नाही केलं तर बोल लागेल, म्हणून रांगच्या रांग वाकत गेली.  फडक्याच्या वर प्रेमदासांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसत होतं. ते पाणी तिखटाचं नव्हतं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी काय म्हणावं? बायका मिरची घेऊन येत, आधी प्रेमदासांच्या पाया पडत, आणि मग म्हणत, "तुमी बसा बापू, आमी टाकतो." आपापलं पोतं आपणच उचलून आत नेत. कोणी घरून खुर्ची आणून ठेवली. कोणी पेल्यात चहा आणला. म्हणजे पगारी माणूस खुर्चीवर चहा पितोय आणि गिऱ्हाइकं हमाली करताहेत! गाडा तसाच उभा, कारण तो जावयाने केलेला, त्याला पाय लागू नये. ओतताना मिरची सांडायची, एकीची दुसरीत मिसळायची, भांडणं व्हायची. ते उठायला गेले की चारजणी ओरडायच्या, "पाप लावता काय आमाले?"

आणि जावई दिवसभर समोर बसलेला, त्यात चारचौघी पाहणाऱ्या, म्हणून गोपिकेला दिवसभर डोक्यावर पदर. मशीनच्या फिरत्या पट्ट्याजवळ सुटा पदर! मी तिला ओरडले. ती म्हणाली, "काकू, पदर काढला तं हे, पट्ट्यात गेला तं ते. कोनतं मरन घेऊ?" मी मग टाचणीने तो तिच्या खांद्याला टोचून दिला. त्या खांद्याला, जो आधीच गेलेला होता.

एकोणीस एप्रिलचा शनिवार चुकला. आर्वीहून फोन आला, बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या, "पुन्हा नको हं." गोपिकेने फोन ठेवला आणि कारंज्याच्या त्या माणसाचा नंबर वहीत शोधू लागली. मी पाहिलं. 

आणि सोमवारी अण्णाजी आले. सोबत रुख्माबाई, मागे दहा-बारा माणसं. अण्णाजी वाईट नाहीत. गावात कोणाचं मयत असो, पहिली लाकडं त्यांच्या गाड्यातून येतात. पण त्या दिवशी ते लालबुंद झाले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "माह्या जवायाले तिखटात लोळवून राह्यली तू? माह्या घरी दोन घास नाईत काय त्याच्यासाठी? आजच्या आज त्याले मोकळं कर. नाई तं या गावची एक मिरची तुह्या मशीनवर येनार नाई."

गोपिका पदराआडून म्हणाली, "मामाजी, ते सोताहून आले."

"ते येतील! त्याईचं मन मोठं हाय. तुले समजाले नको?"

माझ्याने राहवलं नाही. मी आत जाऊन २०२३ची वही आणली आणि उभ्यानेच वाचली. "चोवीस एप्रिल, सोमवार. गोपिकेला सातवा महिना. आज सकाळपासून अकरा पोती तिने एकटीने आत नेली. ओसरीवर हजर रुख्माबाई आणि इतर पाच. रुख्माबाई म्हणाल्या, 'पोरगी दमदार हाय, हिची डिलिव्हरी सोपी होईल.' कोणी हात लावला नाही."

वही मिटली. "अण्णाजी, त्या दिवशी गावाचं नाक कुठे होतं?"

 मग रुख्माबाई म्हणाल्या, "ते सून होती ना, बाई." अगदी सहज म्हणाल्या. टोमणाही नव्हता त्यात. दोन आणि दोन चार म्हणावं तसं. मागची माणसं मान हलवत होती. मला वाटलं होतं, लिहिलेलं वाचून दाखवलं की माणसाला लाज वाटते. शहात्तराव्या वर्षी हा भ्रम गेला.

अण्णाजी जाता जाता म्हणाले, "अक्षयतृतीयेपर्यंत मुदत."

त्या नऊ दिवसांत प्रेमदास कामावर आले नाहीत. गोपिका डाव्या हाताने डबे भरभरून मिरची टाकत होती. मी वाट्या भरून दिल्या, तर म्हणाली, "काकू, तुमी नका, तुमाले दमा हाय." सव्वीसचा शनिवार कसाबसा साधला, बस ओसरीपुढे हॉर्न वाजवत थांबली तेव्हा ती शेवटची थैली शिवत होती.

तीस एप्रिल, बुधवार, अक्षयतृतीया. अण्णाजींकडे भावकीचं जेवण होतं, मलाही बोलावणं होतं. जायची इच्छा नव्हती, पण प्रेरणा स्वतः येऊन म्हणाली, "काकू, तुमी येजोच. वही घेऊन येजो." मला अर्थ कळला नाही. वही मी कुठेही नेतेच.

पंगत बसली. आंब्याचा रस, पुरणपोळ्या, कढी, वडे. मध्ये जावयाचा पाट, पाटाभोवती रांगोळी. नैवेद्य झाला, अण्णाजी म्हणाले, "घ्या बापू, सुरू करा." आमच्याकडे अशा जेवणात जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी घेत नाही.

प्रेमदासांनी हात मांडीवर ठेवले.

"घ्या ना बापू."

हात मांडीवरच.

एक-दोघे हसले. "जवाई रुसला रे!" लग्नात जावई ताटावर रुसतो आणि सासरा अंगठी नाहीतर घड्याळ देऊन त्याची समजूत काढतो, ही जुनी गंमत. अण्णाजीही खुलले. "काय पायजे बोला. मोटारसायकल?"

"नाई."

"मंग? मागा, नाई म्हननार नाई. साऱ्या भावकीसमोर सांगतो."

प्रेमदासांनी खिशाचं बटण काढलं आणि नेमणुकीचं पत्र ताटाशेजारी ठेवलं. "मामाजी, मले कामावर जाऊ द्या. हे माह्यं मागनं. आन् कामाच्या टायमात कोनी माह्या पाया पडू नये, हे दुसरं."

हसणं बंद झालं. अण्णाजी म्हणाले, "हे सोडून मागा."

"मंग मी जेवत नाई."

पंचवीस माणसं ताटावर बसलेली. रसावर माशा येऊ लागल्या. लहान पोरं रडू लागली. रुख्माबाई म्हणाल्या, "अण्णा, जवाई सणाच्या दिवशी उपाशी उठला तं सात पिढ्याले लागते." प्रेरणा वाढता वाढता थांबली होती. ती म्हणाली, "बाबा, याईले खाटेवर बसवून तुमी मान देऊन राह्यले. मले घरात याईचा चेहरा पाहाव लागते." एवढंच. मग तिने वडा वाढला.

पुरी दहा मिनिटं गेली, मी घड्याळ पाहिलं. मग अण्णाजींनी ते पत्र उचललं, चष्मा लावून वाचलं, आणि म्हणाले, "बाजाराच्या दिवशी सुट्टी हाय म्हना." आणि हात जोडले. "जा बापू. पन आता जेवा."

सगळे म्हणतात, शेवट गोड झाला. मला गोड लागला नाही. प्रेमदासांचं कौतुक मी केलं, अजून करते. पण विचार करा. तीन हंगाम एक बाई तिखटात उभी होती, तिचा खांदा गेला, तिची मशीन जायला निघाली, आणि त्याचं वजन एका न घेतलेल्या घासाएवढंही झालं नाही. गोपिका ताटावर रुसली असती तर? "एक ताट वाचलं," म्हणाले असते. तिला तर त्या जेवणाला बोलावलंही नव्हतं.

एक मे, गुरुवार. बाजार नव्हता. प्रेमदास पावणेसातला आले. गोपिकेने त्यांच्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे. पदर डोक्यावरून काढला आणि कमरेला घट्ट खोचला. "प्रेमदासजी," ती म्हणाली. गावच्या सुनेने गावच्या जावयाचं नाव घेतलं. "आर्वीचा माल आदी. मंग रांग."

"हो मालक."

दहाच्या सुमारास रुख्माबाई आल्या. दोन्ही हात पाठीमागे धरलेले, चुकून वाकायला होऊ नये म्हणून असावं. त्यांच्या मागे त्यांची सून रूपाली, डोक्यावर एक पोतं, काखेत दुसरं, उन्हात उभी. प्रेमदास पायऱ्या उतरले आणि तिच्या डोक्यावरच्या पोत्याला हात घातला.

"राहू द्या बापू," रुख्माबाई म्हणाल्या, "तिचं ते नेईल. सून हाय ते."

"मोठ्या मामीजी," प्रेमदास म्हणाले, "पोतं उचलाचा पगार हाय मले. पोतं कोनाच्या डोक्यावर हाय हे पत्रात लिवलं नाई."

त्यांनी ते उतरवून गाड्यावर ठेवलं. मग काखेतलं घेतलं. रूपाली मोकळे हात घेऊन उभी राहिली. त्या हातांचं काय करावं हे तिला पटकन सुचेना. शेवटी तिने ओसरीच्या सावलीत येऊन ते मांडीवर ठेवले आणि बसली.

रुख्माबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी वही उघडली होती.

"हेही लिवता काय, डॉक्टरीणबाई?"

"लिहिते," मी म्हटलं, आणि तारीख घातली.